सोन्यात बसण्याआधी

सकाळी सात

चहा गॅसवर ठेवला की मी फोन हातात घेते. रात्रीतून पाच-सहा फोटो येऊन पडलेले असतात. तळहातावर ठेवलेला पिवळा खडा, अंगठीतला लाल खडा, कधी नुसता पुडीतला निळा ठिपका. खाली प्रश्न एकच, बहुतेक वेळा हिंदीत : ‘दीदी, असली है क्या?’ माझंही उत्तर ठरलेलं आहे. फोटोवरून खडा कळत नाही, घेऊन या. आज एकाने फोटोसोबत पावतीही पाठवली होती. पैसे देऊन झाले होते तर.

पावती दिसली की मला वाईट वाटतं. जबलपूरच्या सराफ्यात मी रत्नपरीक्षणाचं काम करते त्याला आता बावीस वर्षं होतील. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं खरेदी करून मोकळी झाल्यावर येतात, आणि निम्म्यांचा खडा तोवर सोन्यात बसलेलाही असतो. घर घेताना वकिलाला कागद दाखवणारी माणसं खडा घेताना मात्र दुकानदाराच्या चेहऱ्यावर विश्वास टाकतात. चेहरा चांगला असतोही. पुष्कळदा दुकानदारालाच त्याच्याकडचा माल नीट ठाऊक नसतो. त्यालाही कुणीतरी नुसतं नाव सांगून तो विकलेला असतो.

साडेनऊ

राइट टाउनहून सराफ्यात पोचायला गर्दी नसेल तर पंधरा मिनिटं लागतात. कमानिया गेट दिसलं की स्कूटर लावून पुढे चालत जाते. १९३९ मध्ये त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याची आठवण म्हणून हे गेट उभं राहिलं. पलीकडे बड्या फुहाऱ्याजवळ खव्याची जिलबी तळली जात असते, त्या वासातून वाट काढत मी माडी चढते. आम्ही मराठी माणसं इथे फार जुनी. १७९८ ते १८१७ हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या काळापासून राहिलेली घरं आहेत, नंतर रेल्वे आणि कारखान्यांत नोकरीला आलेलीही आहेत. त्यामुळे दिवसभर माझ्या टेबलाशी हिंदी आणि मराठी दोन्ही चालतात, आणि खड्यांची नावंही दोन्ही भाषांतली. पाचूला इथे पन्ना म्हणतात, लसण्याला लहसुनिया, पुष्कराजला पुखराज. नावांचा हा घोळ पुढे दिवसभर पुरतो.

माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. खोली घेताना मी भाड्याआधी तेवढंच बघितलं. उत्तरेचा उजेड थेट उन्हाचा नसतो, त्यात रंग खरा दिसतो. दुकानात शोकेसमध्ये पिवळसर दिवे असतात, त्यांच्याखाली माणिक पेटल्यासारखं दिसतं आणि पिवळा खडा अधिक पिवळा. म्हणून मी सगळ्यांना सांगते, खडा घेऊन दुकानाच्या दारापर्यंत या, दिवसाउजेडी बघा, आणि हे सकाळीच करा.

उघडल्यावर पहिलं काम यंत्रांची तपासणी. रिफ्रॅक्टोमीटर खड्यात उजेड किती वळतो ते मोजतं; त्याच्या काचेवर द्रवाचा एक थेंब टाकून त्यावर माझ्याकडचा ओळखीचा क्वार्ट्झचा तुकडा ठेवते. सावलीची कड १.५४४ आणि १.५५३ वर दिसली की यंत्र बरोबर. मग खालचा खण उघडते. त्यात नमुन्याचे खडे आहेत, प्रत्येकाची वेगळी पुडी. एका पुडीत गर्द निळा, सात कॅरेटच्या वरचा खडा आहे. तो माझ्या आत्याचा. आतोबांच्या आजारपणात कुणीतरी शनीचा नीलम सुचवला. आत्याने दोन बांगड्या मोडून तो घेतला. आतोबा गेले, खडा राहिला. मुंबईहून शिकून आल्यावर मी भिंगाखाली धरलेला घरातला पहिला खडा तोच. आत गोल गोल बुडबुडे होते, सोड्याच्या बाटलीतल्यासारखे. पैलूंच्या कडा झिजून गोलसर झालेल्या. साधी निळी काच. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तूच ठेव, शिकवायला उपयोगी पडेल.” तो पडतो आहे.

साडेदहा

सकाळचा पावतीवाला आला. पंचविशीचा मुलगा, लग्न जमत नाही म्हणून घरच्यांनी गुरूचा खडा घ्यायला लावला. खडा का घालायचा हे मी कुणाला विचारत नाही. श्रद्धा ज्याची त्याची. पण श्रद्धेने दिलेल्या पैशात काय मिळालं, ते बघणं माझं काम आहे.

पावतीवर ‘पुखराज, सव्वापाच रत्ती’. खडा सुटा होता, हे बरं. त्याने आधीच सांगून टाकलं, आईने रात्रभर दुधात ठेवला होता, आणि त्याने स्वतः काचेवर ओरखडा काढून बघितला. काचेवर चरा उठला. म्हणजे खरा ना?

त्याला मी शेजारी बसवून घेतलं. काचेवर ओरखडा क्वार्ट्झही काढतो, कारखान्यात बनवलेला खडाही काढतो. दुधाला खड्याचं काही कळत नाही. उलट, ओरखडे काढून बघणाऱ्याच्या खड्याचे पैलू मात्र खरवडले जातात, ते याच्याही खड्यावर दिसत होते.

मग काट्यावर. हवेत वजन ४.७८ कॅरेट. आता काट्याच्या वरच्या चौकटीतून बारीक तारेची टोपली खाली पाण्याच्या भांड्यात सोडली, खडा तिच्यात ठेवला, चिकटलेला एक बुडबुडा ब्रशने काढला. पाण्यात वजन २.९८. फरक १.८०. ४.७८ ला १.८० ने भागा. त्यालाच मोबाइलवर भागायला सांगितलं, माणसाने स्वतः केलेला हिशेब त्याला पटतो. २.६५ च्या आसपास आकडा आला, ही खड्याची घनता. खरा पुष्कराज, म्हणजे पिवळा नीलम, माणकाच्याच जातीचा, कुरुंद. त्याचं उत्तर चारच्या आसपास यायला हवं. २.६५ हा आकडा क्वार्ट्झचा.

तरी एका आकड्यावर मी थांबत नाही. रिफ्रॅक्टोमीटरने १.५४४ आणि १.५५३ दाखवलं, सकाळच्या माझ्या तुकड्याइतकंच. पोलॅरिस्कोपमध्ये फिरवत फिरवत एका कोनात आणला तेव्हा मधोमध रंगाचा गोल आणि त्याभोवती वर्तुळं दिसली. ही क्वार्ट्झची ओळख. त्यालाही दाखवलं. “ये तो सुनैला है,” मी म्हटलं, आणि त्याने मान खाली घातली. सुनैला हा शब्द या बाजारात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे पिवळा क्वार्ट्झ, सिट्रीन. तो खोटा नाही. जमिनीतून निघालेला, छान दिसणारा, स्वस्त खडा आहे. स्वतःच्या नावाने विकला असता तर कुणाची तक्रार नव्हती.

मराठीत तर आणखी एक अडचण आहे. आपल्या जुन्या कोशांत पुष्कराज म्हणजे टोपाझ. बाजारात पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. टोपाझ वेगळा, पिवळा नीलम वेगळा, सिट्रीन त्याहून वेगळा, आणि तिन्ही पिवळे. तीन खडे, एक नाव, आणि दरात जमीन-अस्मानाचा फरक.

रत्तीचंही तसंच. आपल्या घरांत रत्ती म्हणजे गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. या हिशेबाने रत्ती १२१ मिलिग्रॅमच्या थोडी वर. ग्रहरत्नांच्या बाजारातली पक्की रत्ती १८० मिलिग्रॅमच्या घरात. कॅरेट मात्र सगळीकडे २०० मिलिग्रॅम. म्हणून पावतीवर कॅरेट किंवा ग्रॅम लिहून घ्या. त्या मुलाच्या पावतीवर नुसती रत्ती होती. कोणती, हे लिहिलेलं नव्हतं.

त्याला मी लेखी अहवाल दिला. दुकानदार पैसे परत करेल की नाही, ते माझ्या हातात नाही. तो जिना उतरताना मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

पावणेबारा

खालच्या गल्लीतला कारागीर घाईघाईने वर आला. मागोमाग एक बाई, रागाने लाल झालेल्या. अंगठी सैल करायला दिली होती. कारागिराने टाकणखार लावून गॅसची आच दिली, आणि परत आली तेव्हा माणिक पांढुरकं, चिरा पडल्यासारखं. बाई म्हणत होत्या, याने माझा खडा बदलला. कारागीर हात जोडून उभा होता.

अंगठीवर हॉलमार्क होता. बाईंनी तो मला दोनदा दाखवला. त्यांना मी समजावून सांगितलं : हा त्रिकोणी शिक्का आणि २०२१ पासून त्याच्याशेजारी येणारा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक, दोन्ही सोन्याच्या शुद्धतेबद्दल असतात. खड्याबद्दल ते एक अक्षरही बोलत नाहीत. दागिना घेताना हे ध्यानात राहत नाही. सोन्याचा भरवसा खड्यालाही आपोआप चिकटतो.

कोंदण उघडं होतं म्हणून काम सोपं झालं. रिफ्रॅक्टोमीटरने १.७६२ आणि १.७७० दाखवलं. माणिकच. बाईंच्या चेहऱ्यावर विजय दिसला, कारागिराचा चेहरा उतरला. मग सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि बाजूने उजेड सोडला. खड्याच्या आत भेगांचं जाळं होतं. खडा किंचित कलवला की त्या भेगांतून निळी झाक लखकन चमकून जायची. त्याच भेगांत दबलेले, चपटे बुडबुडे. ही भेगांत भरलेली शिशाची काच. हलक्या दर्जाचं, भेगाळलेलं माणिक घ्यायचं, त्यात शिसंमिश्रित काच वितळवून भरायची, की भेगा दिसेनाशा होतात आणि खडा झळझळीत होतो. असा माल २००४ च्या आगेमागे बाजारात आला आणि आता सगळीकडे आहे. किलोने विकण्यासारख्या कच्च्या मालातून तयार केलेला हा खडा रंगाने उत्तम माणकाला मागे टाकतो. पण टाकणखार आणि आच लागली की काच खाल्ली जाते. तेजाबाने खाल्ली जाते, लिंबाच्या रसानेही खाल्ली जाते.

मी दोघांनाही आळीपाळीने बघायला लावलं. वरच्या पृष्ठभागावर जिथे आच लागली होती, तिथे काच झिजून किड्याने पोखरल्यासारख्या पांढऱ्या रेघा उरल्या होत्या. “खडा तोच आहे,” मी बाईंना म्हटलं. “याने बदललेला नाही. आतली काच गेली, म्हणून असा दिसतो.” त्या बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होत्या. मग कारागिराकडे वळून म्हणाल्या, “भैया, माफ करना.” त्याने डोळे पुसले. या एका खड्याने त्याची पंधरा वर्षांची पत धोक्यात आली होती, आणि त्याला तो काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. विकणाऱ्याने बिलावर एकच शब्द लिहिला होता, ‘रुबी’. अर्धं खरं.

या गल्लीतल्या कारागिरांना माझं आता एकच सांगणं आहे. लाल खड्याला आच देण्याआधी तो कोंदणातून काढा, आणि काढता येत नसेल तर वर पाठवा. मी त्यांच्याकडून पैसे घेत नाही.

दुपारी एक

डबा. पोळी, वांग्याची भाजी, दह्याची वाटी. दाराची कडी लावून अर्धा तास डोळ्यांना विश्रांती देते. दहा पटीच्या भिंगातून दिवसभर बघितलं की दुपारी अक्षरं दोन-दोन दिसायला लागतात.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नांवर अध्याय आहेत. अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्याशी संबंध असलेल्या ठक्कुर फेरूने १३१५ च्या सुमारास प्राकृतात रत्नपरीक्षेचा ग्रंथ लिहिला. वराहमिहिराने उत्तम हिऱ्याचं एक लक्षण असं दिलं आहे की तो हलका असतो आणि पाण्यावर तरतो. हिऱ्याची घनता ३.५२, तेव्हा तो बुडतोच. तरी मला ते वाक्य प्रिय आहे, कारण खडा ओळखायला पाण्यापाशी न्यायला हवा हे त्या लोकांच्या मनात आलेलं होतं. मीही रोज तेच करते, फक्त काट्याला टांगून.

दोन

गोलबाजारातल्या एक काकू आल्या. ओळखीच्या, पंच्याहत्तरीच्या. पिशवीतून डबी, डबीतून रुमाल, रुमालातून नथ. सासूबाईंच्या लग्नातली, १९३८ ची. दोन सुनांत वाटून द्यायची म्हणून किंमत हवी होती. “मोती बसऱ्याचे आहेत हं,” त्या म्हणाल्या, “आणि मधलं माणिक अस्सल. जुन्या काळचं आहे ना.”

नथ हातात घेतली की मला घाई होत नाही. सोन्याच्या तारेत गुंफलेले सात मोती, सगळे एकसारखे गोल नाहीत, एक थोडा पेरूसारखा. रंग सायीचा. तारेजवळ भोकाच्या तोंडाशी बारीक उजेड सोडून बघितलं. भोकं अगदी अरुंद, आणि आत कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर एकात एक गेलेले. संवर्धित मोत्यात बहुतेक वेळा भोकाच्या आत एक स्पष्ट रेघ दिसते, वर मोत्याचा पातळ थर आणि खाली शिंपल्याचा मणी. इथे ती रेघ कुठेच नव्हती. कडेच्या मोत्याला चिमट्याने हलकेच उलटं करून परत बघितलं. तिथेही नव्हती. मोती नैसर्गिक असण्याची शक्यता दाट आहे, पण लेखी तसं द्यायचं तर एक्स-रे काढावा लागतो, आणि ते काम मोठ्या प्रयोगशाळेचं. काकूंना तसंच सांगितलं. वर हेही सांगितलं की नथ मोडू नका, मोती सुटे करू नका. आहे तशीच पाठवता येते.

मग मधला लाल खडा. पाठीमागे डाक, म्हणजे चमकीचा पातळ पत्रा, लावलेला, कोंदण बंद. रंग सुरेख. सूक्ष्मदर्शकाखाली उजेडाची दिशा बदलत गेले आणि एका कोनात त्या दिसल्या. बारीक, एकमेकींना समांतर, वळलेल्या रेघा. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. निसर्गात घडलेल्या माणकात वाढीच्या रेघा सरळ असतात, कोनात वळतात, पण कमानीसारख्या कधी नसतात. कमानीच्या रेघा म्हणजे ज्योतीत वितळवून थेंबाथेंबाने वाढवलेला खडा. ही रीत ऑग्युस्त व्हर्नोय नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केली, आणि पुढच्या काही वर्षांत असे खडे जगभर पोचले. १९३८ मध्ये ते आपल्याकडच्या दागिन्यांत असण्यात नवल काहीच नाही. आज्जीच्या पेटीतलं म्हणजे खरंच, असं समजून लोक येतात तेव्हा मला ही तारीख सांगावी लागते. काट्यावर, रिफ्रॅक्टोमीटरवर असा खडा माणिकच ठरतो, कारण तो माणिकच आहे, फक्त भट्टीतला. जमिनीतला की भट्टीतला, हे आत डोकावल्याशिवाय कळत नाही.

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे सासूबाईंना फसवलं गं कुणी?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कदाचित सोनाराने सांगूनच बसवला असेल, रंग चांगला म्हणून. कदाचित त्यालाही माहीत नसेल. मी म्हटलं, “काकू, या नथीत मोलाचे आहेत ते मोती. माणिक मोत्यांना शोभा द्यायला होतं, ते काम त्याने ऐंशी वर्षांहून जास्त केलं आहे.” त्यांनी नथ रुमालात गुंडाळली. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “वाटणी नाही करत. धाकटीच्या मुलीच्या लग्नापर्यंत ठेवते.”

साडेतीन

पन्ना हे गाव जबलपूरहून दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे, पण त्याची सावली या बाजारावर कायम असते. लोकांना वाटतं पन्ना गावात पन्ना, म्हणजे पाचू निघतो. तिथे हिरे निघतात. मझगवाँची खाण देशातली यंत्रांनी चालणारी एकमेव हिऱ्याची खाण. बाकी आसपास आठ मीटर बाय आठ मीटरचे उथळ खड्डे सरकारकडून पट्ट्याने घेऊन मजूर माती चाळतात. हिरा सापडला तर तो पन्नाच्या हिरा कार्यालयात जमा करायचा, तिथले सरकारी पारखी तो जोखतात, लिलाव होतो, आणि स्वामित्वधन वजा करून पैसे पट्टेदाराला मिळतात. २०१८ मध्ये एका मजुराला ४२ कॅरेटहून मोठा हिरा सापडला होता. अशा बातम्या आल्या की पुढचे दोन महिने माझ्याकडे पुड्या येतात.

आजची पुडी कटनीच्या एका माणसाने आणली. रेल्वेत ओळख झालेल्या कुणीतरी ‘लिलाव चुकवून आणलेला’ कच्चा हिरा अडीच लाखांना देऊ केला आहे, निम्मे दिले, निम्मे द्यायचे आहेत. खडा शेंगदाण्याएवढा, पारदर्शक, टोकदार. एका बाजूला आडव्या रेघा, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. मी काटा काढलाही नाही. आडव्या रेघा असलेला सहा बाजूंचा स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ. कच्च्या हिऱ्याची झळाळी तेलकट असते आणि त्याच्या पैलूंवर भिंगाखाली बारीक त्रिकोणी खळगे दिसतात. तरी त्याच्या समाधानासाठी पाण्यात तोलला. २.६५.

त्याला मी दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या. हा हिरा नाही. आणि हिरा असता, तर हिरा कार्यालयाबाहेर तो विकत घेणं बेकायदेशीर होतं. उरलेले पैसे देऊ नका, पोलिसांत जा. तो बराच वेळ पुडीची घडी घालत बसला.

साडेचार ते सहा

ही गर्दीची वेळ. एकामागून एक.

पोवळं : भिंगाखाली झाडाच्या लाकडासारख्या समांतर रेघा, प्रवाळाच्या वाढीच्या. पण ॲसिटोनचा कापूस पाठीमागून फिरवल्यावर कापूस गुलाबी. रंगवलेलं. लसण्या : वरून चमकणारी रेघ फारच धारदार, बाजूने बघितला तर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. काचेच्या तंतूंचा. गोमेद, दोन : दोन्ही अस्सल. आत गुळाचा पाक ढवळल्यासारखं गढूळ हलतं, ते एकदा बघितलं की गोमेद विसरता येत नाही.

एका तरुण जोडप्याने साखरपुड्याची अंगठी आणली, हिरा तपासायचा होता. दुकानातल्या पेनासारख्या यंत्राने टिक टिक वाजून ‘डायमंड’ दाखवलं होतं. ते यंत्र उष्णता किती लवकर वाहते ते बघतं, आणि हिऱ्यासारखा दिसणारा मॉइसनाइटही त्यात हिरा म्हणून पास होतो. मी भिंगाने वरच्या पैलूतून तिरकं आत बघितलं. मागच्या पैलूंच्या कडा जोडजोडीने दिसत नव्हत्या, एकेकट्याच होत्या, म्हणजे मॉइसनाइट नव्हे. मग कमरेच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक वाचला. अहवालाच्या कागदावरचा क्रमांक तोच. पण त्याच कागदावर, जिथे त्यांनी बघितलंच नव्हतं, ‘प्रयोगशाळेत वाढवलेला’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. बिलावर नुसतं ‘डायमंड’. हा खराखुरा हिरा आहे, पण सुरतेच्या आसपास यंत्रात वाढतो आणि त्याचे दर वर्षागणिक उतरत आले आहेत. त्यांनी दिलेली किंमत खाणीतल्या हिऱ्याची होती की या हिऱ्याची, हे त्यांना आता दुकानात जाऊन विचारायचं होतं. मुलगी म्हणाली, “मला अंगठी आवडली आहे. फक्त खरं काय ते हवं होतं.”

सात

दिवे लागल्यावर एक काका आले. खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त, तपासणी विभागात सगळी नोकरी केलेली. मुलीसाठी नीलम घ्यायचा होता. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का, खड्याचं वजन, मागितलेली किंमत, आणि वर ‘जांगड’.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. जांगड म्हणजे माल पसंतीसाठी न्यायचा, पैसे नंतर. सराफ आणि जवाहिरे आपसांत रोज असाच माल देतात-घेतात. गिऱ्हाइकाने तसा मागायचा असतो हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, आणि मागितला तर चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, फार तर अनामत ठेवून घेतो.

“आमच्याकडे माल तपासल्याशिवाय आत घेत नसत,” काका म्हणाले. “पैसे दिल्यावर कसली तपासणी?”

वजन ३.१२ कॅरेट, चिठ्ठीशी जुळलं. पाण्यात २.३४, म्हणजे घनता चार. १.७६२, १.७७०. कुरुंद. आता आत. काकांना मी शेजारच्या स्टुलावर बसवलं. आधी आत्याचा निळा खडा दाखवला, त्यातले गोल बुडबुडे. मग त्यांचा. रंगाचे पट्टे सरळ, एका जागी एकशे वीस अंशांत वळलेले. काकांनी लगेच ओळखलं, “षट्कोन आहे हा.” एका कोपऱ्यात बारीक सुयांसारखं रेशीम, पण अखंड नव्हतं, तुटून ठिपक्या-ठिपक्यांची रांग झालेलं. दुसऱ्या बाजूला एका कणाभोवती चकतीसारखी भेग. या दोन्ही खुणा आच दिल्याच्या. जमिनीतून आलेला नीलम, रंग खुलवायला भट्टीत तापवलेला. बाजारातले बहुतेक नीलम असेच असतात, त्यात गैर काही नाही, फक्त तसं सांगायचं आणि तशी किंमत लावायची.

काकांनी विचारलं, आणखी काही घातलेलं असेल तर? चांगला प्रश्न होता. बेरिलियम घालून तापवलेला खडा माझ्या यंत्रांना पकडता येत नाही, त्याला मोठी यंत्रं लागतात. पिवळ्या आणि नारिंगी खड्यांत ती भीती मोठी. असा संशय आला की मी खडा जयपूरच्या किंवा मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला सांगते. या निळ्या खड्यात रंगाचे पट्टे कडेपर्यंत सरळ गेलेले होते, रंग पैलूंच्या मागे साचलेला नव्हता. मला संशय वाटला नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

अहवाल लिहिला : नैसर्गिक नीलम, उष्णतेची प्रक्रिया केल्याच्या खुणा, ३.१२ कॅरेट. काका तो घेऊन खाली गेले. मी यंत्रं पुसली, द्रवाची बाटली बंद केली, आत्याचा खडा पुडीत घातला.

पाऊण तासाने जिन्यावर पावलं वाजली. काका पुन्हा वर आले, हातात बिल. किंमत थोडी उतरली होती, पण ते दाखवायला नव्हते आले. त्यांनी बिल टेबलावर माझ्यासमोर ठेवलं आणि बोटाने ओळ दाखवली. दुकानदाराने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘प्राकृतिक नीलम, हीटेड, ३.१२ कैरेट’, आणि खाली, अहवालाशी न जुळल्यास परत घेऊ.

“अंगठी उद्या करायला देतो,” काका म्हणाले. “कोंदण उघडं ठेवायला सांगू ना?”

“उघडंच,” मी म्हटलं, आणि पुडी त्यांच्या हातात दिली.